चालकाच्या परवान्यावरील वाढीव नोंदी आणि मालकाचें हित

पाडव्याच्या सुमारास सालगडी ठरवितांना मालकानें कोणते प्रश्न विचारावयाचे, हें आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या ठरून गेलेलें आहे. गडी पाभर धरूं शकतो काय, नांगराचें तास सरळ काढतो काय, रात्रीं पाण्यावर जातो काय, जनावरांस मारकुटा तर नाहीं ना, घरीं खाणारीं तोंडें किती, आणि उचल किती मागतो. ज्याच्या हातीं पाभर चांगली बसली असेल त्यास चार पैसे जास्त द्यावयास कोणाची ना नसे. कारण पेरा चुकला तर सालाची पिकवण चुकली, हें मालकास पुरतें ठाऊक असे. आतां बैलांची जागा बऱ्याच ठिकाणीं ट्रॅक्टरनें घेतली आहे, आणि "ट्रॅक्टर येतो का?" एवढें विचारलें म्हणजे मालकाचें समाधान होतें. गडी "येतो" म्हणतो, वाड्यासमोरून एक फेरी मारून दाखवितो, आणि साल ठरतें. त्याच्याजवळ परवाना आहे कीं नाहीं, असल्यास तो कोणत्या वर्गाच्या वाहनाचा आहे, त्याची मुदत कोणत्या तारखेस संपते, हें विचारणारे मालक शंभरांत किती निघतील, ह्याचा अदमास वाचकांनींच करावा.

मीं तीस वर्षांहून अधिक काळ महसूल खात्यांत कारकुनी केली. मोटारीचें शास्त्र मला अवगत नाहीं, वकिलीही मीं केलेली नाहीं. परंतु तहसील कचेरींत वसुलीच्या टेबलावर बसणाऱ्या माणसाच्या हातांतून जे कागद जातात, त्यांवरून ह्या विषयाची एक बाजू मला जवळून दिसली. ती बाजू ट्रॅक्टर विकणारा दुकानदार सांगत नाहीं आणि विमा उतरविणारा एजंटही सहसा बोलून दाखवीत नाहीं. म्हणून हा लेखनप्रपंच.

सन २०१२ च्या सुमारास माझ्या टेबलावर एक वसुली प्रमाणपत्र आलें. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणानें तें जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठविलें होतें व तेथून उतरत उतरत तें आमच्या कचेरींत पोहोंचलें होतें. रक्कम सात आंकडी. ज्याच्याकडून ती वसूल करावयाची तो नदीकांठचा एक बागायतदार. नऊ एकर रान, विहीर, कारखान्याचा सभासद, गांवांत मान. बुडव्या म्हणून त्याचें नांव कोणीं कधीं घेतलें नसतें. नोटीस लागू झाल्यावर तो स्वतः कचेरींत आला. हातांत प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवींत ट्रॅक्टर घेतल्यापासूनच्या विम्याच्या सर्व पावत्या सालवार लावलेल्या. "भाऊसाहेब," तो मला म्हणाला, "एक साल विमा चुकवला नाहीं मीं. मग हे पैसे माझ्याकडे कसे निघाले?"

निकालाची नक्कल वाचल्यावर उलगडा झाला. त्याचा चालक बारा वर्षें ट्रॅक्टर हांकीत होता व गांवांत त्याच्या हाताला तोड नव्हती. पण त्याच्याजवळ परवाना होता तो फक्त गियरच्या मोटारसायकलचा. ट्रॅक्टर ज्या वर्गांत मोडतो त्या हलक्या मोटारवाहनाची नोंद त्यावर नव्हती. उसाची ट्रॉली कारखान्यावर नेत असतां सांजवेळीं अपघात झाला, एक मोटारसायकलस्वार दगावला, व त्याच्या विधवेनें दावा लावला. विमा कंपनीनें तिला भरपाई दिली खरी. पण चालकाजवळ योग्य परवाना नव्हता व मालकानें तो कधीं पाहिलाही नव्हता असें शाबीत झाल्यामुळें, तीच रक्कम मालकाकडून भरून घेण्याची मुभा न्यायाधिकरणानें कंपनीस दिली. मालकानें भरणा केला नाहीं; तेव्हां मोटार वाहन अधिनियमाच्या कलम १७४ प्रमाणें ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल करण्यासाठीं प्रमाणपत्र निघालें. जमीन महसुलाची थकबाकी म्हटली म्हणजे मागणीची नोटीस, जंगम मालाची जप्ती, स्थावराची जप्ती व लिलाव, हा महाराष्ट्र जमीन महसूल संहितेंतील सारा क्रम आलाच. त्याच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा चढला. पुढें विहिरीखालचें दीड एकर रान भावकींत देऊन त्यानें भरणा केला, तेव्हां कोठें बोजा उतरला.

त्या वेळीं एक गोष्ट माझ्या मनास फार लागली. त्याच्या घरीं दुसरा एक गडी होता व त्याच्याजवळ ट्रॅक्टरला चालणारा परवाना होता. पण त्या दिवशीं तो उसाला दारें धरावयास गेला होता. आणि चालकाच्या परवान्यावर आणखी एक वर्ग चढविणें हें कांहीं शेंकड्यांचें व दोन-तीन हेलपाट्यांचें काम होतें. बारा वर्षांत त्याला सवड झाली नव्हती.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. मोटार वाहन अधिनियम, १९८८, हा १ जुलै १९८९ पासून अंमलांत आला. त्याच्या आधींच्या १९३९ च्या कायद्यांत पगारी नोकर म्हणून गाडी हांकावयाची असल्यास परवान्यावर तशी खास नोंद लागत असे. आतां नोकर आणि मालक असा भेद उरलेला नाहीं. नोंद लागते ती वाहनाच्या वर्गाची. कलम १० मध्यें हे वर्ग दिलेले आहेत. गियर नसलेली मोटारसायकल, गियरची मोटारसायकल, हलकें मोटारवाहन, माल अथवा उतारू नेण्याचें वाहतूक वाहन, रोड रोलर, आणि एखाद्या विशिष्ट वर्णनाचें वाहन, हे त्यांतले मुख्य. एकाच परवान्यावर ह्यांतील अनेक वर्ग चढूं शकतात, मात्र ज्या वर्गाची नोंद हवी त्याची चाचणी द्यावी लागते. मालकानें ध्यानांत ठेवावयाचें कलम पांचवें होय. ज्याच्याजवळ योग्य परवाना नाहीं त्याच्या हातीं मालकानें वाहन देऊं नये, असें तें सांगतें. दिल्यास कलम १८० प्रमाणें मालकासच शिक्षा आहे. १ सप्टेंबर २०१९ पूर्वीं ह्या गुन्ह्याचा दंड एक हजार रुपयांपर्यंत होता. त्या दिवसापासून कायद्यानें तो पांच हजार केला, आणि तीन महिन्यांपर्यंतची कैद आहेच. चालकास होणारा दंड निराळा.

मुलांच्या बाबतींत तर कायदा ह्याहून कडक झाला. अठरा वर्षांखालील मुलानें वाहन हांकून गुन्हा केला तर पालक किंवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार रुपये दंड, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द, आणि त्या मुलास वयाचीं पंचवीस वर्षें पुरीं होईपर्यंत परवाना मिळत नाहीं. "आमचा नातू बारा वर्षांचा, पण रोटावेटर लावून देतो," असें पाहुण्यांस कौतुकानें सांगणारे आजोबा मला दर आठवड्यास भेटतात. रानांतल्या रानांत तें कौतुक चालून जातें असें त्यांस वाटतें. पण तेंच पोर ट्रॅक्टर घेऊन डांबरी रस्त्यावर आलें, कीं कौतुकाचा हिशेब वेगळा होतो.

दंडाची रक्कम एक वेळ सोसतां येते. खरा धोका विम्यांत आहे. तिऱ्हाईताच्या नुकसानीचा विमा कायद्यानें सक्तीचा आहे, पण चालकाजवळ योग्य परवाना नसल्यास कंपनीस जबाबदारी नाकारण्याचा बचाव मिळतो. ह्या बचावास सर्वोच्च न्यायालयानें २००४ सालीं स्वर्णसिंग ह्यांच्या प्रकरणांत मर्यादा घातली. केवळ परवान्यांत उणीव आहे एवढ्यावर कंपनीची सुटका होत नाहीं. मालकानें जाणूनबुजून अथवा वाजवी काळजी न घेतां तें वाहन त्या चालकाच्या हातीं दिलें, हें कंपनीनें शाबीत केलें पाहिजे. म्हणजे मालकाचें रक्षण कशांत आहे, तर त्यानें काळजी घेतली होती हें दाखवितां येण्यांत. नोकरी देतांना परवाना पाहिला, त्याची प्रत ठेवली, गाडी हांकून घेऊन खात्री केली, एवढें ज्यानें केलें त्याची बाजू पुष्कळ मजबूत होते. आणि ज्यानें परवाना कोर्टापुढें मुळींच हजर केला नाहीं, त्यास "चालक परवानाधारक होता" असें नुसतें तोंडानें म्हणून भागत नाहीं, हेंही २०१८ च्या एका निकालांत त्याच न्यायालयानें सांगितलें आहे. आमच्या बागायतदाराच्या पिशवींत पावत्या सगळ्या होत्या, चालकाच्या परवान्याची एकही प्रत नव्हती.

कोणत्या वाहनास कोणता वर्ग लागतो, ह्याविषयीं गांवोगांव नाना समजुती आहेत. ट्रॅक्टरची गोष्ट सोपी आहे. ज्या ट्रॅक्टरचें मोकळें वजन साडेसात हजार किलोंपेक्षां जास्त नाहीं तो हलक्या मोटारवाहनांत मोडतो, आणि आपल्याकडील शेतीचे ट्रॅक्टर ह्या मर्यादेच्या फारच खालीं असतात. मागें ट्रॉली जोडली म्हणजे तो परवाना निरुपयोगी होतो, असा वाद विमा कंपन्या पूर्वीं घालीत. २००१ सालीं नागशेट्टी ह्यांच्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें तो फेटाळला. पिकअप व छोटा टेम्पो ह्यांचा वाद मात्र पुष्कळ वर्षें चालला. हीं मालवाहू वाहनें असल्यानें त्यांस वाहतुकीची खास नोंद हवी असें कांहीं कोर्टें म्हणत, नको असें कांहीं म्हणत. ३ जुलै २०१७ रोजीं मुकुंद देवांगन ह्यांच्या प्रकरणांत तीन न्यायमूर्तींनीं, व ६ नोव्हेंबर २०२४ रोजीं पांच न्यायमूर्तींच्या घटनापीठानें असा निर्णय दिला, कीं साडेसात हजार किलोंपर्यंत एकूण वजनाच्या मालवाहू गाडीस हलक्या मोटारवाहनाचा परवाना पुरतो. तेव्हां ज्याच्याजवळ हा एक वर्ग आहे, तो गडी ट्रॅक्टर, मालकाची मोटार, आणि भाजीपाला बाजारांत नेणारा पिकअप, हीं तिन्ही वाहनें हांकूं शकतो. एका नोंदीचें एवढें मोल दुसरें कोठें मिळावयाचें नाहीं.

ह्या निकालावरून "आतां सगळेंच मोकळें झालें" असा समज कित्येकांनीं करून घेतला आहे, तो खोटा आहे. उसाचा दहा चाकी ट्रक, दुधाचा मोठा टँकर, कांदा घेऊन परमुलखांत जाणारा लांब ट्रक, हीं वाहनें त्या मर्यादेच्या कितीतरी वर आहेत. त्यांस वाहतूक वाहनाची नोंद लागतेच. आणि ट्रॉलींत किंवा पिकअपच्या हौद्यांत मजूर बायामाणसें बसवून नेण्याचा जो प्रघात पडला आहे, त्यास तर कोणत्याही परवान्याचें पाठबळ नाहीं. मालवाहू वाहनांत फुकट वा भाड्यानें बसलेल्या माणसांची जबाबदारी विमा कंपनी झटकूं शकते, आणि मग प्रत्येक जखमी माणसाची भरपाई मालकाच्या अंगावर येते. चालकाच्या परवान्यावर दहा वर्ग असले तरी ह्यांत फरक पडत नाहीं.

आतां मालकाच्या रोजच्या फायद्याकडे वळूं. ज्याच्या घरीं एक ट्रॅक्टर व एक गडी, त्याच्यासाठीं हलक्या मोटारवाहनाची नोंद पुरे. पण पुष्कळ बागायतदारांजवळ आतां ट्रॅक्टर आहे, पिकअप आहे, आणि दोघां-तिघां भावांत मिळून एखादा ट्रकही आहे. गाळपाच्या हंगामांत ट्रकचा चालक तापानें पडला, किंवा त्याच्या घरीं कार्य निघालें, तर ट्रक जागेवर उभा राहतो. तोडलेला ऊस फडांत वाळतो, वजन घटतें, तोडणीची टोळी बसून खाते, आणि बँकेचा हप्ता कांहीं थांबत नाहीं. अशा वेळीं ट्रॅक्टरवरच्या गड्याच्या परवान्यावर वाहतुकीची नोंद असली, तर त्याच दिवशीं त्यास ट्रकवर बसवितां येतें. माझ्या शेजारच्या गांवीं तीन भावांनीं असें केलें. त्यांच्या तिन्ही गड्यांच्या परवान्यांवर आज दोन्ही वर्ग आहेत. वडील भाऊ मला म्हणाला, "दादा, पूर्वीं चालक रजा मागायचा तेव्हां पोटांत गोळा यायचा. आतां कोण कुठल्या गाडीवर, एवढंच सांगायचं असतं." ट्रक दुसऱ्याच्या हंगामी चालकास देण्यापेक्षां, ज्याची सवय व ज्याचें घर आपणांस ठाऊक आहे असा माणूस त्यावर असणें, हें मी त्याहून मोठें मानतों.

वाहतुकीची नोंद मिळण्यास पूर्वीं एक मोठी अडचण होती. आठवी पास असल्यावांचून ती मिळत नसे. गडी लोकांत चौथी-पांचवींतून शाळा सुटलेलेच फार. कसब असून त्यांस ट्रकचा परवाना घेतां येत नव्हता, आणि मग खोट्या दाखल्यांचा बाजार भरे. २०१९ सालीं केंद्र सरकारनें ही अट काढून टाकली. मात्र रस्त्यावरील खुणा व नियम ह्यांची परीक्षा आहेच. ज्यास वाचतां येत नाहीं त्याला ह्या खुणा शिकविण्याचें काम मालकाच्या शाळकरी मुलांनीं रात्रीं कंदिलाखालीं, म्हणजे आतां विजेच्या दिव्याखालीं, आनंदानें केलेलें मीं पाहिलें आहे.

परवाना म्हणजे नुसता कागद आणि कसब तें निराळें, असा आक्षेप ह्यावर हटकून निघतो. तो अगदींच पोकळ आहे असें मी म्हणत नाहीं. चाचणी देऊन आलेला पण हात न बसलेला चालकही मीं पाहिला आहे. पण आपल्या बारा-पंधरा वर्षांच्या चालकांस काय काय ठाऊक नसतें, हें एकदां विचारून पाहावें. ट्रॅक्टरला ब्रेकचीं दोन पेडलें असतात, डावें व उजवें. शेताच्या टोकाला तंग जागेंत वळतांना तीं वेगवेगळीं दाबावयाचीं, आणि रस्त्यावर येण्यापूर्वीं तीं एकमेकांस खिटीनें जोडावयाचीं. तें न करतां वेगांत एकच पेडल दाबलें तर एकाच चाकास ब्रेक लागून ट्रॅक्टर गर्रकन् फिरतो आणि उलटतो. उताराला गाडी न्यूट्रल करून डिझेल वांचविणारे महाभाग तर गल्लोगल्लीं आहेत. भरलेल्या ट्रॉलीचें वजन मागून ढकलूं लागलें म्हणजे ट्रॅक्टर आडवा होतो, व तेव्हां गियर पडत नाहीं. जो घाट ज्या गियरमध्यें चढावा, तो त्याच गियरमध्यें उतरावा. ट्रॉलीची दांडी ठरलेल्या हुकाहून उंच ठिकाणीं अडकविली तर ओढीबरोबर पुढचीं चाकें उचलतात. क्लचवर पाय ठेवून हांकण्याच्या खोडीनें क्लचची पट्टी जळते, आणि तिचें बिल चालकाच्या नव्हे, मालकाच्या नांवावर येतें. चिखलांत डिफरन्शियल लॉक लावला असेल तर वळण्यापूर्वीं तो सोडावा लागतो, नाहींतर दांते जातात. रोटावेटरचा फिरता दांडा ओलांडतांना धोतराचा सोगा किंवा गमछा त्यांत सांपडून जीव गेल्याच्या बातम्या दर साल वर्तमानपत्रांत येतात. आणि रात्रीं रस्त्यावर उभी केलेली ट्रॉली, जिला मागें ना दिवा ना लाल चकाकती पट्टी, तिच्याविषयीं तर लिहावें तेवढें थोडें.

हें सारें पद्धतशीर शिकविणाऱ्या संस्था आपल्या देशांत आहेत, व त्यांचें शिक्षण घेतलेला माणूस हाताशीं असणें ही माझ्या मतें परवान्याहूनही मोठी पात्रता आहे. मध्यप्रदेशांत बुदनी येथें केंद्र सरकारची शेतीयंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्था आहे. तिची सुरुवात १९५५ सालीं ट्रॅक्टर शिक्षणाच्या केंद्रापासून झाली. हिसार, आंध्रांतील अनंतपूर जिल्ह्यांत गार्लदिन्ने, आणि आसामांत बिश्वनाथ चारियाली येथें तिच्या भगिनीसंस्था आहेत. तेथें ट्रॅक्टर हांकणें, अवजारें जोडणें, देखभाल व दुरुस्ती शिकवितात. महाराष्ट्राला ह्यांत बुदनी जवळ. मोठ्या वाहनांच्या चालकांसाठीं आपल्या पुण्याजवळ भोसरी येथें केंद्रीय रस्ते परिवहन संस्था १९६७ पासून आहे. घरचा एखादा मुलगा किंवा विश्वासू गडी एकदां तिकडे धाडला, तर परत येऊन तो बाकीच्यांस शिकवितो. एका माणसाचा खर्च तीन माणसांवर पसरतो.

एक खास नोंद अशी आहे, कीं ती एकट्या शेतकऱ्याच्या कामाची नाहीं, पण संघाच्या व कारखान्याच्या संचालकांनीं ती ओळखून असावें. ज्वालाग्राही किंवा अन्य धोकादायक माल नेणाऱ्या चालकास परवान्यावर तशी स्वतंत्र नोंद घ्यावी लागते, व त्यासाठीं सरकारमान्य ठिकाणीं तीन दिवसांचें शिक्षण पुरें करावें लागतें. त्यांत सावधगिरीनें हांकणें व मालाचे गुणधर्म शिकवितात. ह्या नोंदीस एक भारतीय भाषा व इंग्रजी लिहितां-वाचतां येण्याची अट आहे. पेट्रोलमध्यें इथेनॉल मिसळण्याचें प्रमाण २०२५ सालीं वीस टक्क्यांपर्यंत गेलें, आणि हें इथेनॉल आपल्याच साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून टँकरनें बाहेर पडतें. अशा टँकरवर बसणारा चालक आपल्याच भागांतला कां असूं नये? दहावी-बारावी होऊन पारावर बसलेल्या मुलांस हें कोणीं सांगत नाहीं.

आतां मालकाची खरी भीति. "शिकवून सवरून तयार केला, आणि दुसऱ्यानें दोन हजार जास्त देऊन नेला, तर?" ही भीति मला कोणीं सांगितली नाहीं असा आठवडा जात नाहीं. ती खोटी नाहीं. परवान्यावर ट्रकची नोंद चढली कीं गड्यास बाहेर जास्त पगार मिळूं शकतो. पण मला असें विचारावेंसें वाटतें, कीं न शिकविल्यानें कोणता गडी राहिला? उचल बुडवून रातोरात जाणारे गेलेच. उलट ज्या तीन भावांचा उल्लेख वर केला, त्यांनीं पाडव्याला सालाच्या कागदावर साधें कलम घातलें. फी, शाळेचा खर्च व चाचणीच्या दिवसांची मजुरी मालकाची. नोंद चढल्यावर दरमहा पगारांत ठरलेली वाढ. आणि वर्षाच्या आंत सोडल्यास खर्चाची निम्मी रक्कम गड्यानें परत करावयाची. दोघांनींही सही केली. त्यांच्याकडचा एकही गडी अद्याप गेलेला नाहीं. अर्थात् पुढें कोणी जाईल, तो दिवस मी नाकारीत नाहीं. मात्र कित्येक मालक गड्याचा मूळ परवानाच आपल्या कपाटांत ठेवून घेतात, त्याचा मला मनापासून तिटकारा आहे. गाडी हांकतांना परवाना चालकाजवळ असावा लागतो. तो कपाटांत ठेवणारा मालक स्वतःच्याच गाडीला दंड ओढवून घेतो, आणि गड्याचा पाय बांधल्याचें पापही.

कपाटांत ठेवावी ती प्रत. तिच्यावर मुदतीच्या दोन तारखा असूं शकतात हें पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. वाहतूक वाहनाची मुदत पूर्वीं तीन वर्षें होती, ती २०१९ च्या दुरुस्तीनें पांच वर्षें झाली. बाकीच्या वर्गांची मुदत वयावर अवलंबून असते. तिशीच्या आंत परवाना घेतल्यास तो चाळिसाव्या वर्षापर्यंत चालतो, तीस ते पन्नासपर्यंत घेतल्यास दहा वर्षें. पूर्वीं मुदत संपल्यावरही तीस दिवस परवाना चालू धरीत. ती सवलत त्याच दुरुस्तीनें गेली. मुदतीच्या आधीं एक वर्ष व नंतर एक वर्ष नूतनीकरणाचा अर्ज करतां येतो, त्याहून उशीर झाला तर पुन्हां चाचणी. ह्या बाबतींत मी स्वतः फसलेला माणूस आहें. निवृत्त झाल्यावर घेतलेल्या माझ्या जुन्या पिकअपवरील गड्याचा परवाना संपून चार महिने झाले होते, आणि दुसऱ्यांच्या सातबाऱ्यावरील तारखा तपासण्यांत आयुष्य घालविलेल्या मला तें ठाऊक नव्हतें. नशीब इतकेंच, कीं तें आम्हांस विम्याच्या नूतनीकरणाच्या दिवशीं कळलें, रस्त्यावर नव्हे. त्या दिवसापासून गाडीच्या कागदांच्या पाकिटांत मीं एक वही ठेवली आहे. तींत गड्याचें नांव, परवाना क्रमांक, वर्ग व दोन्ही तारखा. परवाना खरा आहे कीं बनावट, हें आतां परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर क्रमांक घालून घरबसल्या पाहतां येतें. शाळकरी पोरगाही तें दोन मिनिटांत करून देतो.

नवी नोंद चढवावयाची तर वेळेचें गणित असें. प्रथम त्या वर्गाचा शिकाऊ परवाना. तो सहा महिने चालतो, आणि तो मिळाल्यापासून तीस दिवस झाल्यावांचून पक्की चाचणी देतां येत नाहीं. वाहतूक वाहनाची नोंद हवी असल्यास गड्याचें वय वीस पुरें असावें, हलक्या मोटारवाहनाचा परवाना निदान एक वर्षाचा जुना असावा, मोटार शिक्षण शाळेचा दाखला व डॉक्टरचा दाखला जोडावा. २०१६ च्या डिसेंबरांत ठरलेल्या दरांत शिकाऊ परवान्यास प्रत्येक वर्गामागें १५० रुपये, चाचणीस ३०० रुपये, आणि नवा वर्ग चढविण्यास ५०० रुपये होते. शाळेची फी निराळी, तीच मोठी. कारखान्याचें धुराडें दिवाळीच्या आगेमागें पेटतें. तेव्हां ज्यास ह्या हंगामांत दुसरा चालक तयार हवा, त्यानें अर्ज श्रावणांतच करावा; भाद्रपदांत गणपति आणि पितृपक्ष, चाचणीच्या तारखा लांबतात, आणि दसऱ्याला गडी तोडणीच्या टोळ्या आणावयास जातो, तो मग पाडव्यापर्यंत हातीं लागत नाहीं.